तोंडाकडे बघणारा खलाशी

रत्नागिरीच्या कचेरीबाहेर मी अर्ज लिहायला बसत असे, तेव्हा हा दाभोळचा खलाशी आला होता. चौदा सालच्या मोठ्या लढाईत तो इराकात बसऱ्याच्या नदीवर लष्कराच्या बोटीत होता. जवळच तोफगोळा फुटला आणि दोन्ही कान गेले. पेन्शन मात्र नाकारली होती, कारण डॉक्टरच्या दाखल्यात ‘ऐकू येते’ असं लिहिलेलं. त्यावर त्याला अपील करायचं होतं.

मान खाली घालून लिहिता लिहिता मी त्याचं वय विचारलं. उत्तर नाही. वैतागून मान वर केली, पुन्हा विचारलं, तर उत्तर हजर. त्याची नजर माझ्या ओठांवर खिळलेली होती.

“डॉक्टरसमोर असाच बसला होतास?”

“व्हय. वाऱ्यात एका होडीवरनं दुसऱ्या होडीवर बोलताना आम्ही तोंडाकडंच बघतो, अण्णा.”

“अरे, पण उत्तरं कशाला दिलीस?”

“एवढा मोठा साहेब इचारतोय नि मी गप ऱ्हाऊ? उद्धट नाय म्हणणार?”

मला राग आला. त्याचा की डॉक्टरचा, ते आजही सांगता येणार नाही. अपिलात मी लिहिलं, ‘पुन्हा तपासणी व्हावी, आणि प्रश्न पाठीमागून विचारावेत.’

अंगठा उठवून तो पायऱ्या उतरला. त्याची छत्री माझ्यापाशीच राहिली होती. मी हाक मारली. मग आणखी मोठ्यानं, मग ओरडलोच. आवारातली सगळी माणसं वळून माझ्याकडे बघू लागली. तो तेवढा सरळ चालत राहिला.