सोनकांबळ्यांनी न पाहिलेला उजेड

दौलत सोनकांबळे आमच्या प्रयोगशाळेत काचा घासायचे. चिक्कडपल्लीहून बसनं यायचे. परदेशी माल दुर्मिळ होता तेव्हा आमची भिंगं त्यांच्याच हातची. मग बाजार खुला झाला, विमानानं खोकी येऊ लागली, आणि त्यांचं टेबल कोपऱ्यात सरकलं. उरलं एकच काम: चिपच्या कडा घासून गुळगुळीत करायच्या.

चिप नखाएवढी, तिच्या आत केसाहून बारीक वाट. एका कडेनं डोळ्यांना न दिसणारा लेझर सोडायचा. जमलं तर वाटेत त्याचे रंग फुटत जातात आणि पलीकडून लाल, पिवळा, हिरवा, सगळा उजेड पडतो. निवृत्तीआधी तो एकदा बघायचाय, असं ते आमच्या विद्यार्थिनीला, गीताला, म्हणायचे. निवृत्तीला तीन महिने होते.

आठवडा झाला, उजेड काही पडेना. माझं डोकं फिरलं. खोटं कशाला सांगू, सगळ्यांसमोर ओरडलो, "सोनकांबळे, कडेची पार वाट लावलीत! तुम्हा लोकांच्या हातून नाजूक काम व्हायचंच नाही!"

'तुम्हा लोकांच्या' म्हणजे कुणाच्या, हे त्या खोलीत कुणालाच विचारावं लागलं नाही. गीतानं मान खाली घातली.

"सर, एक सांगू का? ती तुमची गोल काच..."

"बोलू नका. उद्यापासून स्टोअरला बसा."

त्यांचं टेबल भंगारात गेलं. दुसरी चिप परदेशातून घासून आणली. तरी अंधारच! तेव्हा गीतानं लेझरच्या वाटेतली गोल काच हळूच फिरवली. लेझरची लहर आडवी हलणार की उभी, ते ती काच ठरवते. मीच ती चुकीच्या खुणेवर लावली होती. मग दौलतरावांची जुनी चिप बसवली. कागदावर सगळे रंग पडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी मी स्टोअरमध्ये गेलो. ते खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते.

"दौलतराव, चूक माझी होती. काच मीच चुकीची लावली होती."

"हौ सर. मालूम होतं."

"चला ना वर. तुमच्याच चिपमधून उजेड पडलाय."

ते उठले. शर्टाला हात पुसले. दाराशी थांबून त्यांनी विचारलं, "वर कोण कोण आहे?"

"कुणी नाही. सगळे जेवायला गेलेत." जेवणाची वेळ मी मुद्दामच गाठली होती. लाज वाटत होती, आणि त्या लाजेतही मी माझी सोय पाहिली होती.

ते परत फिरले. पुढचं खोकं ओढून घेतलं.

"मग नक्को, सर. ते बोललात तेव्हा सगळे होते."