कोशातली वेगळी नोंद

नारायण पेठेतले ते कोशकार पुस्तक उघडण्याआधी पंखा बंद करतात. समोरचा घामाघूम झाला तरी त्यांना पर्वा नसते. बालसाहित्याचा कोश ते सध्या संगणकावर चढवत आहेत. गाजलेल्या जुन्या बालकथा सोप्या भाषेत पुन्हा लिहून घेऊन मी छापतो. गावोगावच्या शाळांत त्या पोचवल्या मी, आणि कोशात त्यांना मूळ पुस्तकाच्या नोंदीखाली फक्त एक ओळ! त्यासाठी मी कितीदा तरी भांडायला गेलो.

"स्वतंत्र नोंद हवी."

"भाडेकरूचं नाव घराला देत नाहीत, प्रकाशक."

परवा चिडून मी सर्कशीतल्या अस्वलाची आमची गोष्ट त्यांच्या टेबलावर आपटली. त्यांनी पंखा बंद केला, मूळ पुस्तक काढलं आणि दोन्ही शांतपणे वाचून संपवली.

"मुळात अस्वल मरतं. तुमचं जंगलात परत जातं?"

"मेलेलं अस्वल शाळा विकत घेत नाहीत," मी ठणकावलं.

"मग हे वेगळंच पुस्तक झालं. देतो स्वतंत्र नोंद. अस्वल कोणी वाचवलं आणि कशासाठी, तेही लिहीन."

मी घासाघीस न करता "चालेल" म्हणालो. माणूस खडूस आहे. पण माझं पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचणारा तो पहिलाच विद्वान.