थूल काकांच्या आकृत्या

"हात मांगं घ्या मॅडम, अन् मंग सांगा."

थूल काकांकडून आकृती काढून घ्यायला गेलं की पहिलं वाक्य हे असायचं. आपण पेन्सिलीने काढून नेलेला कागद ते टेबलावर पालथा घालायचे आणि त्यावर चष्म्याचं घर ठेवायचे. "इथून असा बाण, मग तिकडे" असं बोटाने दाखवायची सोयच नव्हती. दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि शब्दांत सांगायचं. कोण कुठे बसलाय, कोणाच्या उजवीकडे, कोणाकडून कोणाकडे काय जातं. आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात पीएचडी करणारे आम्ही सात-आठ जण होतो. त्यात एक विभागप्रमुखही होते. आम्ही सगळ्यांनी काँप्युटर लॅबच्या त्या कोपऱ्यात हात बांधून उभं राहून आपापलं संशोधन थूल काकांना सांगितलेलं आहे.

थूल काका आमचे लॅब असिस्टंट. नेमणूकपत्रावर 'परिचर' लिहिलेलं असावं. सकाळी येऊन खिडक्या उघडायच्या, मशीन सुरू करायची, रंगाऱ्याच्या जुन्या ब्रशने कीबोर्डमधली धूळ काढायची, ही त्यांची कामं. आकृत्या काढणं हे त्यांचं काम नव्हतं. ते त्यांनी स्वतःहून अंगावर घेतलेलं होतं.

संगणकावर पुस्तक किंवा प्रबंध जुळवायची लेटेक् नावाची एक पद्धत आहे. तीत माउसने काही ओढायचं-सरकवायचं नसतं, सगळं आज्ञा लिहून करायचं. तिच्यातच आकृत्या काढण्यासाठी टिक्झ नावाचा आज्ञांचा एक संच मिळतो. इथे एक गोल, त्याचं नाव अमुक. त्याच्या उजवीकडे दोन सेंटिमीटरवर दुसरा गोल. पहिल्याकडून दुसऱ्याकडे बाण. असं ओळीओळीने लिहायचं, मग यंत्राला वाचायला द्यायचं, की पडद्यावर रेखीव आकृती उमटते. आमच्या विषयात, म्हणजे माणसाच्या मेंदूवरून बेतलेली गणिती जाळी संगणकात बांधण्याच्या विषयात, अशा आकृत्यांवाचून पान हलत नाही. शेकडो गोल, हजारो रेघा. आम्ही शिकलेली माणसं त्या आज्ञांना भ्यायचो. काका भीत नसत, कारण ते मूळचे जुळारी.

पुलगावच्या एका छापखान्यात त्यांनी एकोणीस वर्षं शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवली होती. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, पंचांगं. छापखाना बंद पडला आणि ते नाचणगावहून रोज वर्ध्याला कॉलेजात येऊ लागले. गणिताच्या एका निवृत्त होणाऱ्या सरांच्या नोट्स जुळवायच्या होत्या, तेव्हा त्यांनी लेटेक् पहिल्यांदा पाहिलं. मॅट्रिकपर्यंतच्या इंग्रजीवर त्यांनी टिक्झचं जाडजूड मार्गदर्शक वाचून काढलं. त्याची छापील प्रत त्यांच्या खणात असायची आणि तिच्या प्रत्येक पानावर ओळींच्या मधे पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिलेला असायचा.

मी एकदा विचारलं, "काका, एवढं कशाला केलंत? कोणी सांगितलं होतं का?"

"खिळे गेले मॅडम. पण जागा तं राह्यली ना," ते म्हणाले. "दोन अक्षरांच्या मधात जे मोकळं दिसते, तिथंबी आम्ही कोरा खिळा बसवत होतो. मोकळी जागा आपोआप नाई येत, तीबी जुळवावी लागते. हे मशीन तेच करून राह्यलं. मले तं जुना दोस्त भेटल्यावाणी झालं."

त्यांची स्वतःची काही आज्ञासूत्रं होती. गोलांचा एक अख्खा थर काढायचा तर आम्ही पंचवीस ओळी लिहायचो. काका एका ओळीत 'थर' म्हणायचे, पुढे आकडा घालायचे, की तेवढे गोल खाली खाली मांडले जायचे. थरांची नावं त्यांनी घरावरून ठेवली होती. जिथून माहिती आत येते ती वसरी, म्हणजे ओसरी. जिथे खरी प्रक्रिया चालते आणि बाहेरून काही दिसत नाही ते माजघर. उत्तर बाहेर पडतं ती सांदवाडी, म्हणजे परसदार. मी पुण्याला एका परिषदेत भाषण देताना भर सभेत 'माजघरातले गोल' म्हणून गेले होते.

आज्ञेत चूक झाली की यंत्र तक्रारींची लांबलचक यादी देतं. ती पाहून आम्ही काकांना हाक मारायचो. काका शांतपणे वर सरकत जाऊन सुरुवातीच्या ओळीवर थांबायचे. "पहिली तक्रार ऐका. बाकीच्या साऱ्या तिच्यासंग आलेल्या असतात." आणि खरोखर, एक विसरलेला कंस घातला की बाकीच्या चाळीस तक्रारी नाहीशा व्हायच्या.

माझा प्रबंध कपाशीच्या पानांवरचा. पानाचा फोटो पाहून रोग कोणता ते जाळ्याने ओळखायचं. मी पिपरी मेघेच्या घरून स्कूटी काढून दोन हंगाम देवळी आणि सेलूकडची शेतं पालथी घातली होती, हजारो फोटो काढले होते. जाळं उत्तम चालत होतं, इतकं की नागपूरचे माझे गाइड प्रत्येक फोनवर अभिनंदन करायचे. एका मोठ्या परिषदेने माझा निबंध स्वीकारला होता. फक्त एक आकृती पाठवायची राहिली होती, फोटो येतात कुठून आणि जातात कुठे ते दाखवणारी.

मी हात मागे बांधून सांगायला लागले. आधी शेतातले फोटो. मग एकेका पानाच्या फोटोच्या फिरवून, उलटवून, उजेड कमीजास्त करून आणखी पाच-पाच प्रती. मग सगळ्यांची वाटणी. मोठा वाटा जाळ्याला शिकवायला, लहान वाटा त्याची परीक्षा घ्यायला.

काकांनी लिहिता लिहिता हात थांबवला.

"मॅडम, एक विचारू? एका पानाचे सहा फोटू झाले. मंग तुम्ही वाटणी केली. तं त्या सहातले चार शिकवणीत अन् दोन परीक्षेत, असं नाई होणार का?"

"होऊ शकतं," मी म्हटलं.

"मंग शिकवणीत पाह्यलेलं पानच परीक्षेत आलं. पेपर फुटला ना मॅडम."

लॅबमध्ये पंखा फिरत होता. दोन मुली मागे बसून काहीतरी टाइप करत होत्या. मला जे कळायचं ते त्या क्षणी कळलं होतं, पण मी ते आत येऊ दिलं नाही. मी म्हटलं, "काका, आधी वाटणी आणि मग प्रती, असं काढा. सगळे तसंच काढतात."

"काढतो. पण तुम्ही केलं तसं नाई हे."

"तुम्ही आकृती काढा काका. संशोधन माझं आहे."

हे वाक्य मी बोलले. आजही भाजी चिरताना, रांगेत उभी असताना, ते मधेच ऐकू येतं. काकांनी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. मी सांगितलं तशी आकृती त्यांनी तासाभरात काढून दिली. सुरेख होती. देताना एवढंच म्हणाले, "मले तुमचं शास्त्र नाई समजत. मी फक्त बाण कुठून निघाला ते पाहतो."

ती आकृती चार दिवस माझ्याजवळ होती. पाठवायचं पत्र लिहून तयार होतं. त्या चार दिवसांत मी लॅबकडे फिरकले नाही. कॉरिडॉरमध्ये काका समोरून आले तर मी फोन कानाला लावायचे. पाचव्या दिवशी दुपारी मी घरी बसून सगळं पुन्हा केलं. आधी वाटणी, मग प्रती. पानं कायमची वेगळी. जाळं शिकायला दोन दिवस लागले. परीक्षेचा निकाल आला तेव्हा मी लॅपटॉप मिटून आईजवळ जाऊन बसले. माझं हुशार जाळं साध्या पानांवरही अडखळत होतं.

निबंध मी परत घेतला. नागपूरला गाइडना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वर्ष जाईल तुझं." गेलंच. विभागात कुजबुज झाली. कोणी म्हणालं, एवढं खरं बोलायची गरज होती का? चूक कोणी काढली, हे मात्र कोणाला कळलं नाही. काकांनी ते कधीही कोणाला सांगितलं नाही.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते ब्रशने कीबोर्ड झाडत होते.

"काका, माझं चुकलं. कामात पण, बोलण्यात पण."

"बसा," ते म्हणाले. "चहा आला नाई अजून." मग ब्रश ठेवून त्यांनी नवी फाइल उघडली. "हात मांगं घ्या. कुठून सुरू करू?"

पुढच्या दीड वर्षात आम्ही प्रबंधातल्या एकूणएक आकृत्या नव्याने काढल्या. ते दिवस मला माझ्या आयुष्यातले सगळ्यात भरलेले दिवस वाटतात. अकराच्या सुमाराला ऊन खिडकीच्या गजांमधून टेबलावर यायचं. काका डब्यातली तिळाची चटणी माझ्या पोळीवर ठेवायचे. मी सांगायचे, ते लिहायचे, आणि सांगता सांगता मलाच माझं काम कळत जायचं. जिथे मी अडखळायचे तिथे नक्की काहीतरी कच्चं निघायचं. आता माझ्या हाताखाली मुलं आहेत, मोठ्या पडद्यांची दालनं आहेत. मी बोलते आणि समोरचा मान डोलावतो. कोणी लिहिता लिहिता हात थांबवत नाही.

प्रबंध झाला, मला पुण्याला नोकरी लागली. त्याच वर्षी काका निवृत्त झाले. सुरुवातीला मी फोन करायचे. अडलेली ओळ वाचून दाखवायची, ते ऐकून चूक सांगायचे. "कधी येता नाचणगावले?" हे दरवेळी असायचं. "येते काका, दिवाळीत." दोन दिवाळ्या गेल्या. फोनही कमी होत गेले. यंत्रंच आता आज्ञा लिहून देऊ लागली होती आणि माझं अडणं थांबलं होतं. माझ्या लक्षात यायला हवं होतं, की फोन अडल्यावरच करायचा असतो असं काही नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा, माधुरीचा फोन आला. ती जाम गावाजवळच्या दवाखान्यात नर्स आहे. "बाबा गेले ताई. झोपेतच." अंत्यविधीला मी पोचू शकले नाही. आठ दिवसांनी गेले. पुलगावला उतरून ऑटोने नाचणगाव. घर लहान, नीट सारवलेलं अंगण, भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी काकांचा हार घातलेला फोटो. फोटोत त्यांनी चष्मा काढलेला होता. बिनचष्म्याचे काका मी कधी पाहिलेच नव्हते.

माधुरीने चहा दिला. बराच वेळ आम्ही त्यांच्या डब्याबद्दल, खोकल्याबद्दल बोललो. मग ती म्हणाली, "ताई, एक विचारू? बाबा तिथं नेमकं करत काय होते? छापखान्यातलं तं कुठं नाव नसते. कॉलेजातलं बी आम्ही काही पाह्यलं नाई. त्यांच्या हातचं घरात काहीच नाई."

मी लॅपटॉप उघडला. प्रबंधातल्या आकृत्या दाखवल्या. ती प्रत्येकीवर थांबत होती. "हे बाबांनी हातानं नाई काढलं?"

"शब्दांनी काढलं," मी म्हटलं आणि तिला दाखवावं म्हणून आकृतीमागची आज्ञांची फाइल उघडली. निवृत्त होताना काकांनी सगळ्या फाइली मला दिल्या होत्या, पण त्या मी कधी उघडल्याच नव्हत्या. मला तयार आकृती मिळायची, तेवढ्याने काम भागायचं.

आज्ञांच्या मधे मधे टक्क्याच्या खुणेने सुरू होणाऱ्या ओळी होत्या. त्या ओळी यंत्र वाचत नाही, छापतही नाही. आम्ही त्यांत कोरड्या नोंदी करतो. काकांनी मराठीत लिहिलं होतं.

"हे काय लिहिलंय?" म्हणत माधुरीने लॅपटॉप जवळ ओढला आणि मोठ्याने वाचू लागली. तिचा आवाज वडिलांसारखाच खालच्या पट्टीतला आहे.

"'पोरीनं आज डबा नाई आणला. उद्या दोन पोळ्या जास्त आणाव्या.'"

"'माजघर थोडं उजवीकडं सरकवलं. उगाच. चांगलं दिसते.'"

दुसऱ्या फाइलीत, परत घेतलेल्या निबंधाच्या आकृतीत, मी खोटा काढायला लावलेल्या त्या बाणाच्या शेजारी: "'पोरगी रागावली. रागावू दे. बाण तिचा हाये, तिलेच दिसंल.'"

त्याच्याखाली वेगळ्या तारखेची एक ओळ: "'दिसला तिले. माह्या लेकीवाणी हाये.'"

सहा वर्षांत त्यांनी मला मॅडमशिवाय दुसरी हाक मारली नव्हती. 'तुम्ही' सोडून 'तू' म्हटलं नव्हतं. मी माधुरीकडे बघितलं. ती शेवटच्या फाइलीवर आली होती, प्रबंधाच्या समारोपातल्या आकृतीवर. साधीच आकृती होती, एका दिवसाचं काम. काकांनी तिला अकरा दिवस लावले होते आणि मी रोज विचारून विचारून त्यांना भंडावून सोडलं होतं. मला पुण्याला रुजू व्हायचं होतं.

माधुरीने एक ओळ मनातल्या मनात वाचली. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"तुम्हीच वाचा ताई. मले दिसून नाई राह्यलं."

मी वाचलं.

'हे शेवटचं चित्र. हे झालं का पोरगी जाते. सावकाश काढून राह्यलो.'