खापरांवरचं मतदान

तालुक्याच्या शाळेत इतिहासाच्या सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं, 'ग्रीस ही लोकशाहीची जन्मभूमी', आणि ते मी पाठ केलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. सरांमुळे मी इथवर आले, तेव्हा त्यांचं वाक्य तपासून पाहावं असं कधी मनातही आलं नाही. ती जन्मभूमी पाहायला अथेन्सला जावं लागलं नाही. इथे अमेरिकेत, ईडन प्रेरीच्या एका पार्कमध्ये, आमच्या मराठी शाळेच्या पिकनिकला, ती मला पुरेपूर दिसली.

ही शाळा शनिवारी भाड्याच्या दोन खोल्यांत भरते. लहान-मोठ्या मुलांना लिहायला-वाचायला शिकवायच्या त्या काकू. गावाकडे त्या प्राथमिक शिक्षिका होत्या, निवृत्तीनंतर मुलाकडे आल्या. इथे पैसे न घेता, बर्फातसुद्धा वेळेवर. माझी मुलगी त्यांच्याच वर्गात होती. पालक तोंडावर "काकू, काकू" करायचे आणि पाठ फिरली की म्हणायचे, "फार रूरल आहे हो, मुलांना एन्गेज करत नाही." या पालकांची स्वतःची मराठी व्हॉट्सॲपवर आलेल्या शुभेच्छा पुढे पाठवण्यापुरती. पण काकूंची पारख करायला सगळे तज्ज्ञ.

शाळेच्या अध्यक्षांचा राग तर खासच. त्यांच्या मुलाची गृहपाठाची वही काकूंनी सगळ्यांदेखत परत केली होती. "हे बाबांचं अक्षर आहे. पुढच्या शनिवारी बाबांनाच बसायला पाठव." आम्ही हसलो होतो. अध्यक्षही हसले होते, पण ते त्यांनी लक्षात ठेवलं.

माझ्या मुलीने सहावीत अथेन्सवर प्रोजेक्ट केला होता. पिकनिकला तो सर्वांना सांग, असं अध्यक्षांनीच आठवडाभर आधी सुचवलं. जेवणं झाल्यावर ती बाकावर उभी राहिली. अथेन्सचे नागरिक फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर, म्हणजे खापरावर, गावाबाहेर घालवायच्या माणसाचं नाव कोरायचे. पुरेशी मतं पडली की ज्याच्या नावाची खापरं जास्त, तो दहा वर्षं हद्दपार. आरोप नाही, पुरावा नाही, त्याची बाजू ऐकणं नाही. आणि मताचा हक्क कुणाला? बायकांना नाही, गुलामांना नाही. माझ्या पाठांतरातल्या जन्मभूमीचा हा हिशेब होता. मला स्वतःचीच लाज वाटली, की चाळिशी आली तरी हे ठाऊक नव्हतं.

एका गृहस्थांना मात्र अभिमान दाटून आला. "हे ग्रीकांनी आपल्याकडूनच उचललं. आपल्याकडे वाळीत टाकायचेच की!" वाळीत टाकण्याचं श्रेय मागणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. चार जणांनी माना डोलावल्या.

"चला, अथेन्स-अथेन्स खेळू या," अध्यक्ष म्हणाले. "ज्याला जास्त व्होट्स, त्याने बार्बेक्यूचा ग्रिल साफ करायचा." त्यांनी गाडीतून पिशवी आणली. गॅरेजमध्ये पडून असलेल्या दिवाळीच्या पणत्या घरीच फोडून आणल्या होत्या. तुकडे वाटले, मार्कर फिरला, सगळे तोंड लपवून खिदळत लिहू लागले. लाखांचे पगार आणि करमणूक ही.

मोजायला मी आणि माझी मुलगी बसलो. तुकड्यामागून तुकडा निघाला, 'काकू', 'काकू'. मुलगी एकदम खूश होऊन कुजबुजली, "आई, सेम हँडरायटिंग! अथेन्सच्या विहिरीत पण असेच सापडले होते. एकाच माणसाचं नाव, आणि लिहिणारे थोडेच!" मी पाहिलं. डझनभर तुकड्यांवर गृहपाठाच्या त्या वहीतलं, अध्यक्षांचं अक्षर. घरूनच लिहून आणलेले.

मी तिला म्हणाले, "चूप."

या अध्यक्षांच्या ओळखीने मला इथल्या पहिल्या नोकरीचा इंटरव्ह्यू मिळाला होता. उपकार विसरायचे नाहीत, हे मी शाळेतच शिकले होते. निकाल मी खणखणीत आवाजात वाचून दाखवला.

टाळ्या पडल्या. मग अध्यक्ष मऊ आवाजात म्हणाले, "काकू, जोक होता हां. पण बघा ना, लोकांचं फीलिंग आपोआपच बाहेर आलं. पुढच्या टर्मला एक यंग टीचर ट्राय करू या. तुम्ही आता रेस्ट घ्या."

"बट अंकल, गेम होता ना?" माझ्या मुलीने विचारलं. "मग रिअल पनिशमेंट का?"

"बेटा, तिकडे आइस्क्रीम आलंय."

काकू उठल्या, पदर खोचला. "ग्रिल कुठाय? हरले ना मी?" आणि त्यांनी तो खरंच घासला, हात कोपरापर्यंत काळे होईस्तोवर. कुणी अडवलं नाही. दोघा-तिघांनी बाजूला आइस्क्रीम खाता खाता, स्टीलचा ब्रश कुठल्या दुकानात चांगला मिळतो यावर चर्चा केली.

त्यांना घरी सोडायचं माझ्याकडे आलं. गाडीत त्यांनी पदराने हातांची काजळी पुसली. मग म्हणाल्या, "तू काय लिहिलंस गं?"

"काहीच नाही, काकू. कोरा टाकला." मला वाटलं, एवढं तरी माझ्या बाजूने आहे.

"आणि अक्षर ओळखलंस?"

"हो."

"मी लांबूनच ओळखलं होतं. म्हटलं, ही पोरगी बोलेल. शिकलेली आहे." त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. "कोरा म्हणजे काय, त्यांच्याच ढिगात पडला तो."

अध्यक्ष, टाळ्या वाजवणारे, ब्रशवाले, या सगळ्यांचा मला तिटकारा आला होता. काकूंनी मला त्यांच्यातच धरलं आणि त्यात काही चूक नव्हती.

पुढच्या शनिवारी मी मुलीला शाळेत नेलं नाही. वही-पेन्सिल देऊन काकूंच्या दारात उभी केली आणि बेल वाजवली. काकूंनी दार उघडलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला, तिला आत घेतलं. मी चपला काढायला वाकले.

"तू नको," त्या म्हणाल्या. "तू अकराला ये, तिला न्यायला."