लाडू वळताना आलेला उजेड
शेंगदाणे भाजल्याचा वास आला की मला उंब्रजमधली ती दुपार आठवते. सीमेवर असलेला चुलतभाऊ सुट्टीवर यायचा होता, आणि चुलती त्याच्यासाठी शेंगदाण्याचे लाडू वळत होती. तेवढ्यात माझा फोन कर्कश वाजला आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. ‘कुणाचा रं? तिकडनं न्हवं?’ मी म्हणालो, ‘न्हाई काकी, एक तारा मेलाय, लय लांबचा. त्याच्या गॅमा किरणांचा स्फोट उपग्रहानं टिपलाय. स्फोटामागं उरल्याला उजेड विझायच्या आत आमची दुर्बीण तिकडं फिरवाय पायजे.’ ‘कवा मेला?’ ‘अब्जावधी वर्षं झाली. उजेड आज पोचला.’ ती हसली. ‘मेल्यालं एवढ्या उशिरा कळतंय व्हय!’ म्हणत तिनं पुढचा लाडू घेतला, आणि जिथं रात्र होती तिथल्या दुर्बिणीला मी लॅपटॉपवरून दिशा दिली. संध्याकाळी पलटणीतून फोन आला. भाऊ सकाळीच वारला होता. चुलती रडली नाही. भरलेल्या परातीकडं बघत एवढंच म्हणाली, ‘म्हंजे मी वळत व्हते, तवा त्यो न्हवताच?’ अशा स्फोटांचे इशारे फोनवर अजून येतात, मीही दुर्बीण फिरवतो. पण तारा कधी मेला, हे घरात कुणी विचारलं तर सांगत नाही.