खोटं जुळेल

आमच्या चिंचोळीतल्या टॉवेलच्या कारखान्यात विणकामाचा हिशेब नगांवर चालतो आणि रंगखात्याचा किलोवर. दोन्हींचा माल एकाच पडद्यावर दिसावा म्हणून मालकांनी दोन सॉफ्टवेअरवाल्यांना एका दुपारी बोलावलं.

पहिल्यानं चहा निवायच्या आत किलोचे नग करून आकडे जोडून दाखवले. दुसऱ्याच्या बोलण्यात अक्कलकोटकडचा कानडी हेल होता. लॅपटॉप उघडायच्या आधी त्यानं टेबलावरचा टॉवेल उचलला, तळहातावर तोलला आणि विचारलं, "वजन करताना हा ओला असतो का वाळलेला?"

"कधी ओला, कधी वाळलेला. चालतंय की," मालक म्हणाले.

"ओल्याचं वजन जास्त भरतं हो. आत्ता जोडून देतो, पण ते खोटं जुळेल. आधी रंगखातं बघू द्या की."

विकायला आलेला माणूसच थांबा म्हणतो, याचं मला हसू आलं. मालकांनी घड्याळ पाहिलं. त्यानं टॉवेल जुन्याच घडीवर दुमडला, कार्ड ठेवलं आणि निघाला.

आम्ही पहिल्याचं घेतलं. परवा पडद्यावर माल भरपूर दिसत होता आणि गोदामाच्या फळ्या रिकाम्या होत्या. आहेराचे टॉवेल न्यायला आलेली लग्नघरची माणसं हात हलवत परत गेली.

आता मालक म्हणतात, त्याला शोधा. मी सगळे खण उपसले. कार्ड सापडत नाही, आणि नाव तर आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.