वन्सं येईपर्यंत

सुहासिनीच्या अंगावर दूध नाही, असं आमच्या आळीने ठरवून टाकलं होतं. ठरवणाऱ्यांपैकी एकीनेही तिची भिजलेली चोळी पाहिली नव्हती. मी पाहिली होती. कल्याणात पारनाक्याजवळ आमची बिऱ्हाडं भिंतीला भिंत लागून, आणि तिला माहेरी आई नाही, म्हणून तिची दोन्ही बाळंतपणं सासरीच झालेली. तिला न्हाऊ घालायला मीच जात असे.

हरिहर तिचा नवरा, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून. ती बोलायला कमी, शिवणात हात गोड. दोन मुली झाल्या आणि दोन्ही गेल्या. शेळीच्या पाणी घातलेल्या दुधावर मूल किती तग धरणार? हगवण लागली की संपलं.

त्या घराची एक रीत होती. तिसऱ्या दिवशी बाळंतिणीची छाती मुलाच्या सख्ख्या आत्याने कोमट पाण्याने धुवायची, कुंकू लावायचं, आणि मगच मूल पदराखाली घ्यायचं. तोवर येईल तो चीक पिळून टाकायचा, आणि मुलाला बोंडल्याने शेळीचं दूध. आत्या म्हणजे हरिहरची बहीण विमलाबाई, ठाण्याला दिलेली. पहिल्या वेळी तिच्या घरात गोवर शिरलेला, दुसऱ्या वेळी ती स्वतःच बाळंतीण. ती येईपर्यंत सुहासिनीची छाती दगडासारखी व्हायची, गाठी धरायच्या, अंग तापाने फणफणायचं. विमलाबाई पोचायची तेव्हा सगळं आटलेलं. मग आळी म्हणायची, नशीब! नशीब काही उलटून बोलत नाही, त्यामुळे त्याच्या माथी काहीही मारता येतं.

त्रेपन्न साली तिला पुन्हा दिवस गेले. या वेळी तिने तयारीच मांडली. शतावरी दुधातून घ्यायची, अळिवाची खीर नाक न मुरडता संपवायची, रोज आंघोळीआधी छातीला तेल चोळायचं. पुढून गाठीच्या मऊ धुवट लुगड्याच्या चोळ्या शिवल्या. ठाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मूल झाल्या झाल्या छातीला लावा. तिने ते हरिहरला सांगितलं. हरिहर म्हणाला, "आईशी बोलतो." हा माणूस पार्सलं वेळेवर पोचवायचा, पण आईपर्यंत एक वाक्य त्याच्याने पोचवलं गेलं नाही.

पण सुहासिनी वेडी नव्हती. दोनदा खाटेवर पडून तिने सगळं पाहिलं होतं. मला म्हणाली, "सुमतीताई, दूध मला येतं. वन्संच उशिरा येतात. या खेपेला त्यांनाच आधी आणून ठेवते."

आणि आणलंही! नववा लागताच विमलाबाई आपला पोरवडा जावेवर टाकून येऊन राहिली. भली बाई. म्हणे, "वहिनी, या वेळी मी हलत नाही बघ." दोघी मिळून दुपटी शिवत बसायच्या. इतक्या वर्षांत सुहासिनीचं हसणं भिंतीपलीकडे मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आलं.

मुलगी झाली. चांगली भरलेली, आवाजाला खणखणीत. सासूबाईंनी तांब्या घासून ठेवला, तिसऱ्या दिवशी धुवायचं म्हणून.

दुसऱ्याच दिवशी विमलाबाईचा दीर त्र्यंबक दारात उभा. ओट्यावर टेकला नाही, पाण्याला हात लावला नाही. अंगणातूनच म्हणाला, "वहिनी, पनवेलचे अण्णाकाका गेले. सुतक आहे."

हे अण्णाकाका तिच्या सासरचे लांबचे भाऊबंद, विमलाबाईने आपल्या लग्नात एकदा पाहिले होते. बातमी कानावर आली नसती तर सुतकही धरलं नसतं. आली, आणि दहा दिवसांचं लागलं. मी दात-ओठ खात उभी होते. विमलाबाईने दारातूनच भाचीला डोळे भरून पाहिलं आणि रडत रडत दिरामागून स्टेशनकडे गेली.

दूध आलं. चोळी भिजली, दुपटं भिजलं. मी तिच्या कानाशी लागले, "सासूबाई न्हाणीघरात आहेत. घे पोरीला. कोण बघतंय?"

ती मुलीकडे बघत राहिली. हात पुढे झाला आणि मागे आला.

"पहिल्या दोघी रीत पाळून गेल्या, तर देवाने नेल्या," ती म्हणाली. "रीत मोडून ही गेली, तर मी नेली. तेवढं माझ्याच्याने सोसवायचं नाही, ताई."

मला तिचा राग आला. मी भिजलेलं दुपटं काढून कोरडं घातलं.

सासू दुष्ट असती तर भांडता तरी आलं असतं. ती माउली निर्गुडीच्या पाल्याने सुनेची छाती शेकत बसायची, डोळे पुसायची, देवाला नारळ बोलायची. फक्त मूल उचलून तिच्या मांडीवर देत नव्हती.

सुतक फिटलं तशी विमलाबाई पहिल्या गाडीने आली. यथासांग धुतलं, कुंकू लावलं. आम्ही बायका दाटीवाटीने उभ्या. सासूबाई म्हणाल्या, "हं सुहास, आता पाज."

पोरीने दोनदा तोंड लावलं, काही मिळेना, मान फिरवली आणि टाहो फोडला. सासूबाईंनी बोंडलं आणलं. ते ओठाला लागताच पोर चटचट पिऊ लागली, आईच्या मांडीवरच. सुहासिनीने चोळीची गाठ मारली. दोन्ही खेपांना ती रडली होती, या वेळी रडली नाही.

होळीच्या सुमारास ती पोरही गेली. तशीच, हगवणीने.

पुढे किती दिवस ती माझ्याकडे आलीच नाही. मग एका दुपारी तांदूळ निवडायला येऊन बसली. मला वाटलं, आता तरी ही काही बोलेल, कोणाला तरी शिव्या देईल.

"ताई," ती म्हणाली, "पुढच्या खेपेला वन्सं आल्या की मी दाराला आतून कडीच घालणार. निरोप्या आला तर तुम्ही त्याला बाहेरच्या बाहेर परतवाल ना?"